बिनरश्शाचं मटण

“म्हंजी रस्सा अजिबात न्हाय ह्याला?” सारजानं पुन्हा विचारलं.

“नाही हो आत्या, कोरडंच असतं हे,” खिमा मळता मळता सून वृषाली म्हणाली. “मीटलोफ म्हणतात. पावासारखं भाजायचं, पावासारखंच कापायचं. सगळ्यांना सारखा तुकडा.”

सारजानं तोंडाला पदर लावला. हसू दिसायला नको होतं.

ती आणि नवरा म्हस्कू सकाळीच कळसहून वालचंदनगरला, लेकाच्या क्वार्टरवर आले होते. मटण येताना म्हस्कूनंच आणलं होतं. वृषालीनं हाडं बाजूला काढली, मांसाचा खिमा केला. त्यात भिजवलेला पाव, कांदा, अंडं घातलं. टोमॅटो, गूळ, व्हिनेगर आणि तिखट आटवून काळपट लाल सॉस केला. सारजानं कोळसा फुलवून दिला, त्यावर तूप सोडून खिम्याला धूर दिला. एवढ्या हौसेनं तिनं मटणाला कधी हात लावला नव्हता.

कळसच्या घरात मटण वाढायचं काम तिचंच. नळी म्हस्कूची, कलेजी पाहुण्याची, मऊ फोडी लेकाच्या, उरलेल्या दिराच्या. तिची पाळी येईपर्यंत पातेल्यात रस्सा तेवढा राहायचा. कुणी विचारलंच तर ती म्हणायची, “मला बाई रस्साच आवडतो.” म्हणता म्हणता ते घरात सगळ्यांना पाठ झालं.

तिची सासू म्हाळसा, तिची गोष्ट वेगळी. “मला चावत न्हाय गं, रस्साच दे,” म्हणायची. सारजा न विसरता तिची वाटी काठोकाठ भरायची. अशी सून होते मी, असं ती आजही चारचौघींत सांगायची.

ओव्हनमधून वास सुटला. गोडसर, तिखट, धुरकट.

“इशाल, ह्या विटंत माझी नळी कुठं बसवलीया रं?” म्हस्कूनं लेकाला विचारलं.

“नळी-बिळी काही नाही तात्या. आज सगळे सारखे,” विशाल म्हणाला. “आई, तूही बस. वाढायचं नाही आज.”

सारजा टेबलाशी बसली. खुर्चीत जरा अवघडलीच. वृषाली सुरीनं तुकडे कापू लागली. कडेचा तुकडा सॉसनं चांगला खरपूस झाला होता. सारजानं तो मनातल्या मनात धरून ठेवला.

एक तुकडा म्हस्कूच्या ताटात गेला. एक विशालच्या. कडेचा तुकडा सुरीवर उचलला गेला आणि तोही म्हस्कूच्याच ताटात उतरला.

सारजापुढं नुसती भाकरी होती.

वृषाली लगबगीनं आत गेली आणि वाफाळती वाटी घेऊन आली. “आत्या, सकाळपासून विचारताय, रस्सा नाही का, रस्सा नाही का. मला राहवेना. हाडं उकळून तुमच्यापुरता केला.”

“सून असावी तर अशी!” म्हस्कूनं मांडीवर थाप मारली. “उभ्या जन्मात हिनं फोडीला हात लावला न्हाय बघ. हिच्या वाटणीचा मीच खाणार.”

“तुकडा घेणार का थोडा, आत्या? पण तुम्हाला आवडत नाही ना,” वृषाली म्हणाली. आवाजात माया होती. कौतुकाची वाट बघत ती तशीच उभी राहिली.

सारजानं भाकरी मोडली, रश्शात बुडवली, घास खाल्ला. रस्सा खरंच चांगला झाला होता.

“ग्वाड झालाय,” ती म्हणाली.

वाटी काठोकाठ भरलेली होती. तिच्याकडं बघता बघता सारजाला म्हाळसा आठवली. बांधावर बसून दातानं ऊस सोलणारी. अगदी मरायच्या आदल्या हंगामातही.