मुकी प्रार्थना

योनानं खिडकी लावून हात जोडले. "पाळकसाहेब, मनातल्या मनात प्रार्थना करा. परवाच दारावर दगड आले. कुणी ऐकलं तर घर जाळतील."

याच गावात शांतवन पाळकांचे वडील भर चावडीवर पेटी वाजवून सुवार्ता सांगत. पाळक मुकाट्यानं खाटेपाशी बसले. योनाची आई शेवटच्या घटका मोजत होती. डोळे केव्हाच गेले होते, कानाशी ओरडलं तरच ऐकू यायचं. पाळकांनी तिचा हात हातात घेतला. ओठ हलले, आवाज फुटला नाही.

"योना, पाळक आले का रे?" तिनं विचारलं.

पाळकांनी वर पाहिलं. योना रडत नको-नको अशी मान हलवत होता.

"मग हा कुणाचा हात?" म्हणत म्हातारीनं बोटं सोडवून घेतली. दाराकडे तोंड करून वाट पाहता पाहताच ती गेली.