माधुरीची साक्ष

“इथे थांबायचं,” अविनाश सर म्हणाले. “‘दारू’ म्हणालीस की एक श्वास घ्यायचा. मान खाली. रडू आलं तर येऊ दे, पुसायचं नाही.”

माधुरीने मान खाली घातली. सरांनी दोन बोटांनी तिची हनुवटी जरा वर केली. “एवढी नाही गं. कॅमेऱ्यात चेहरा दिसला पाहिजे.” मग त्यांनी खिशातली वेलची काढून तोंडात टाकली आणि चावत चावत पुढच्या मुलाकडे वळले.

शेजारी उभ्या वसुंधराबाईंनी माधुरीची ओढणी उगाचच सारखी केली.

कामोठ्यातला हा हॉल एरवी लग्नांसाठी भाड्याने जायचा. आज तिथे चर्चच्या तरुण संघाचा मेळावा होता आणि तो अविनाश सर चालवत होते. संघात प्रत्येक मुलामागे एक वडीलधारं माणूस असे. त्याने अभ्यास घ्यायचा, सोबत प्रार्थना करायची, चुकलं तर कान धरायचा. वसुंधराबाईंकडे आपट्याजवळच्या कातकरी वाडीतली माधुरी आली होती. गणितात नापास झालेली ती पोर दर शनिवारी समोर बसवून त्यांनी पास करवली. पुढे बारावी झाली, आता पनवेलला नर्सिंगचा प्रवेशही झाला होता. प्रश्न राहण्याचा होता. संघाच्या होस्टेलमध्ये एकच जागा उरली होती आणि ती कुणाला द्यायची हे पुण्याहून आलेले पाहुणे आज मुलांच्या साक्षी ऐकून ठरवणार होते. देवाने आपल्याला कसं बदललं, ते प्रत्येकाने चारचौघांत उभं राहून सांगायचं.

“नापास झाले, मग पास झाले, याला साक्ष म्हणत नाहीत,” सर आधीच म्हणाले होते. “आधी अंधार दाखवा, बाई. वाडीतली आहे ना? मग बाप पितो. झालं.”

“तो पीत नाही, सर.”

“हा नसेल पीत, बाकीचे पितात. पाहुणे काय वाडीत जाऊन वास घेणार आहेत?”

माधुरीचा बाप शुक्रा खरोखरच पीत नव्हता. वीटभट्टीवर लोक त्याला ‘सरबतवाला’ म्हणून चिडवत. हळदीच्या रात्री बाकीचे आडवे झाले की त्यांना खांद्यावर टाकून घरोघर पोचवायला तोच एकटा उरायचा. वाडीतल्या बायकांनीच हे वसुंधराबाईंना हसत हसत सांगितलं होतं.

रोज पहाटे गुडघे टेकून स्तोत्र वाचल्याशिवाय वसुंधराबाई चहाला शिवत नसत. खोट्याची त्यांना शिसारी होती. तरीही काल रिक्षा करून त्या वाडीवर गेल्या. “उद्या पोरगी तुमच्याबद्दल काहीबाही बोलेल,” त्या शुक्राला म्हणाल्या. “मनाला लावून घेऊ नका. तिच्या जागेचा प्रश्न आहे.” काय बोलेल, ते मात्र त्यांच्या तोंडून बाहेर पडलं नाही. शुक्रानेही विचारलं नाही. परतताना त्या स्वतःला समजावत राहिल्या, हे पाप सरांचं. आपण फक्त निरोप दिला.

“बरंय तुझं,” रांगेतला अपूर्व माधुरीच्या कानाशी कुजबुजला. “मला सरांनी मोबाईलचं व्यसन दिलंय. पप्पांनी अजून साधा फोनसुद्धा घेऊन दिला नाहीये.”

माधुरी हसली नाही. तिचं नाव पुकारलं गेलं होतं.

“माझं नाव माधुरी शुक्रा हिलम,” ती माइकवर म्हणाली. “आमी… आम्ही आपट्याला राहतो. माझे वडील…”

पहिल्या रांगेतल्या पाहुण्या पुढे सरकून बसल्या. एकीने तर पर्समधून रुमाल काढून मांडीवर तयार ठेवला होता.

सरांनी दुसरा माइक उचलला. आवाजात साखर. “बोल बेटा, घाबरू नकोस. बाबा दारू प्यायचे ना?”

माधुरी सरांकडे वळलीही नाही. ती थेट शेवटच्या रांगेकडे बघत होती. वसुंधराबाईंनी डोळे मिटले. प्रभू, तिच्या तोंडून हे निघू देऊ नकोस. आणि लगेच मागोमाग दुसरं, प्रभू, एकदाचं बोलून टाकू दे तिला. दोन्ही मागण्या एकाच मनातून आल्या होत्या. विटलेला घास जिभेवर यावा तसं त्यांना झालं.

मागे खुर्ची कर्रकन सरकली. शुक्रा उभा होता, सदऱ्याची बटणं पार गळ्यापर्यंत लावलेली.

“पीत होतो,” तो म्हणाला. “मीच. लई पीत होतो. पोरीला सांगाया लाज वाटते.”

“हालेलुया!” कुणीतरी ओरडलं. हॉल टाळ्यांनी भरून गेला. “नाय, बा,” माधुरी म्हणत होती, पण तिचा माइक कधीच खाली आला होता. आपणही टाळ्या वाजवतोय, हे वसुंधराबाईंना जरा उशिरा कळलं.

सर खुर्च्यांमधून वाट काढत धावले. कॅमेरेवाला मागोमाग. त्यांनी शुक्राच्या खांद्यावर हात टाकला आणि माइक त्याच्या तोंडाशी धरला.

“प्रभूची स्तुती असो! दादा, किती वर्षं पीत होतात तुम्ही?”

शुक्रा गडबडला. त्याचा विचार इथपर्यंत पोचलाच नव्हता. त्याने सरांकडे पाहिलं नाही, मुलीकडेही नाही. सगळ्या गर्दीतून त्याने वसुंधराबाईंना शोधून काढलं.

“बाई,” तो माइकमध्येच म्हणाला, “किती सांगू?”