पोळ्यापुरता दरवाजा

आधारनं हरण्याच्या शिंगांना हिंगूळ लावला, पाठीवर झूल टाकली आणि कासरा हातात घेतला. धुळ्याहून सुट्टी काढून आलेला त्याचा मुलगा ओसरीत बुद्धाच्या तसबिरीखाली उभा राहून बघत होता.

"आबा, आपण हे सगळं सोडलं ना?" संघपाल म्हणाला.

"देव सोडी दिधात. बैल नही सोडा."

हरण्याचा जोडीदार लंपीच्या साथीत गेला. उरला हा एकटा, आणि आता गावातही हाच एक. बाकी दारोदार ट्रॅक्टर. म्हणून तर पाटलांचा युवराज काल स्वतः घरी येऊन सांगून गेला होता, "आबा, यंदा वेशीच्या दरवाज्यातलं तोरण तुमच्या बैलानं तोडायचं. मान तुमचा." आधारच्या बापाचे बैल काय, त्याचे स्वतःचे काय, पोळ्याला त्या दरवाज्याखालून कधी गेले नव्हते. मानाचे बैल दरवाज्यातून. यांचे भिंतीकडेनं, गटार ओलांडून, शाळेमागच्या बोळातून. आज आधारनं हरण्याला दोनदा धुतलं होतं.

दरवाजा कोणी बांधला यावर गावात दोन मतं होती. उद्या तो पडणार यावर एकच. रस्ता रुंद व्हायचा होता. जेसीबी येऊन कडुनिंबाखाली उभा होता; पोळ्यापुरतं थांबा, एवढं गावानं सांगितलं होतं.

डफ वाजू लागला. दगडी कमानीला आंब्याच्या पानांचं तोरण. युवराजनं मोबाईल समोर धरला.

"या आबा. निदान व्हिडिओ तरी राहील."

हरण्या कमानीसमोर आला आणि थांबला. आधारनं कासरा ओढला. हरण्यानं मान फिरवली, भिंतीकडे.

"लायसन नही व्हई त्याकडे," कुणीतरी म्हणालं. लोक हसले. वाईट मनानं नाही हसले.

संघपाल ओसरीतून केव्हा मागोमाग आला होता, कळलं नाही. त्यानं बैलाला मागून खांदा लावला. इस्त्रीच्या शर्टाला शेण लागलं.

"ओढा आबा. जोरात ओढा ना." त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

हरण्यानं पाय रोवले.

"अजून एकदा आबा," मोबाईलमागून युवराज म्हणाला. "पहिल्यापासून घेऊ."

आधारनं बैलाच्या कपाळावर तळहात ठेवला. थोडा वेळ तसाच. मग कासरा सैल सोडला. हरण्या वळला, भिंतीच्या कडेनं चालू लागला, खाली न बघता गटार ओलांडून शाळेमागच्या बोळात शिरला. त्याला कुणी हाकललं नाही. अडवलंही नाही.

"त्याले वाट माहीत शे," आधार म्हणाला, आणि त्याच्यामागून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबीवाल्यानं विचारलं, "हे तोरण आधी काढून घेता का?"

कुणी पुढं झालं नाही. त्यानं बकेट वर घेतली. पहिल्याच धक्क्याला तोरण तिच्या दातांत अडकलं, आणि संध्याकाळपर्यंत ते मिरवत जेसीबी काम करत राहिला.