ओट्याचं माप

राहीचं नाव पुकारलं तेव्हा ती शेवटच्या रांगेत वाकून चपलेचा तुटलेला पट्टा पिनेने जोडत होती.

"कुमारी राही महिपत गोताड," माइकवरून पुन्हा आलं. "अंतर्गत सजावट, विद्यार्थी गट. पहिलं बक्षीस."

शेजारच्या मुलीने तिला कोपराने ढोसलं. "ऊठ गो! तूच ती."

इतरांनी मुंबईचे दिवाणखाने काढले होते, झुंबरं आणि फॉल्स सीलिंगसकट. राहीने गावच्या घरातलं स्वयंपाकघर काढलं होतं. तिची आई, सोनूबाई, आठ वर्षांपूर्वी भाताच्या भाऱ्यांच्या उंच उडवीवरून पडली ती परत उभी राहिली नाही. घरभर गोणपाटावर बसून सरकत फिरायची. हंडा उतरवायला, डबा काढायला शेजारच्या सगुणाला हाक मारावी लागायची. राहीच्या नकाशात नळ, शेगडी, फळ्या, सगळं बसल्या हाताशी होतं. ओटा जेमतेम सात इंच उंच.

ही रीत तिला कॉलेजाने नव्हे, केरू गवंड्याने शिकवली होती. तो घरच्या बाईला भिंतीला टेकवून उभं करायचा, हात कोपरात वाकवायला लावायचा आणि कोपराखाली चार बोटं सोडून कोळशाने रेघ मारायचा.

"वट्याचा माप टेपान नाय घ्यायचा, बाय," तो छोट्या राहीला सांगायचा. "जिनं रांधायचा, तिचा कोपर सांगतो."

राहीने आईला बसवून तशीच रेघ मारली होती.

"माजा माप कशाला घेतंस?" आई म्हणाली होती. "उभ्या माणसाचा घे."

राहीला ती थट्टा वाटली होती.

तिचा बाप महिपत मुंबईला गोदीत कामाला होता. नेमका रजेवर आला होता, म्हणून समारंभालाही आला. सभागृहाबाहेर तो नकाशाकडे बराच वेळ बघत राहिला.

"ह्योच बांधूया," तो म्हणाला. "शिमग्याच्या आत."

राहीला खरं वाटेना. आठ वर्षांत त्याने आईसाठी साधी काठीही आणली नव्हती.

"ओट्याचं माप तेवढं केरूकाकांना नीट घ्यायला सांगा, आबा."

"केरूला काय शिकवतंस? त्याची रीत ठाव हाय मला." त्याने नकाशा गुंडाळून काखेत मारला.

शिमग्याला राही एसटीने गावी आली. बक्षिसाचा कप आईला दाखवायला पिशवीत घेतला होता. पायरीवर बाईच्या नव्या चपला होत्या. पालखीसाठी आलेली कुणी पाहुणी असेल, असं मनाशी म्हणत ती थेट स्वयंपाकघरात गेली.

सगळं नकाशाबरहुकूम होतं. विहिरीकडची खिडकी, नळ, भिंतीतले कोनाडे. राहीने एकेकाला हात लावून पाहिला. मग ती ओट्याशी आली. ओटा तिच्या कमरेच्या वर लागला. बाजूच्या भिंतीवर कोळशाची रेघ अजून ताजी होती.

आई मागच्या दारात गोणपाटावर बसून तांदूळ निवडत होती.

"आये, केरूकाका चुकले गो! केवढा उंच केला ओटा!"

सोनूबाईने वर पाहिलं नाही. एक खडा वेचून अंगणात टाकला.

"केरू नाय चुकायचा. घरच्या बाईला भिंतीशी उभी करूनच माप घेतलान."