मेंढ्यांची खुशाली

राजधानी बिश्केकमधल्या एका मोठ्या वेबसाइटच्या संपादकबाईंचा फोन आला. "आपा, तुमचे जुन्या दिवसांचे किस्से ब्लॉगऐवजी आमच्याकडे लिहा. फक्त प्रत्येक लेखाच्या सुरुवातीचं 'तब्येत बरी? मुलं बरी? मेंढ्या बऱ्या?' काढा, वाचकाला वेळ नसतो." सून सायकाल हरखली. "हो म्हणा! तिथे लाखो वाचक. ब्लॉगवर कोण येतं? परदेशात राबणारी आपली चार टाळकी!" "त्या टाळक्यांनी मागच्या लेखाखाली काय लिहिलंय, वाच," मी म्हटलं. मॉस्कोत बांधकामावर गेलेल्या शेजारच्या एर्मेकनं लिहिलं होतं, "तब्येत बरी, आपा. मुलं फोनवर बरी दिसली. मेंढ्या इथे कुठल्या? पण क्रेन मजेत आहे. दुसरं कुणी विचारत नाही." सायकाल हसली, मग शेवटची ओळ पुन्हा वाचू लागली. असे वाचक असताना अल्लानं मला आणखी काय द्यावं? नकार द्यायला मी फोन लावला. आधी बाईंची खुशाली विचारली. त्या अर्धा तास बोलत होत्या.