काडेपेटीवरचा सांबा

हिरानोने तिसऱ्यांदा ताटावर हात आडवा धरला, तेव्हा मृणालिनीने वरणाचा डाव पातेल्यात परत ठेवला. तिच्या घरातून आजवर कोणी असं अर्धपोटी उठलं नव्हतं.

जगन्नाथही नुसताच भात चिवडत होता. टोकियोहून आलेला हा तपासनीस चार दिवस ॲरिझोनातल्या चँडलर गावी, जगन्नाथच्या चिप कारखान्यात फिरला होता, आणि चार दिवसांत धड चार वाक्यं बोलला नव्हता. आज दुपारी तो ऑर्डरवर सही करणार, किंवा न करताच विमानात बसणार. सही झाली नाही तर लाइन बंद, आणि लाइनबरोबर जगन्नाथही घरी. पंच्याऐंशी सालच्या मंदीत दुसरी नोकरी काही झाडाला लागलेली नव्हती.

"अहो, चार नंबरचं सांगितलंत का त्यांना?" मृणालिनीने मराठीत विचारलं.

"हळू बोल. डग बसलाय."

"डगला काय डोंबल मराठी कळतंय?"

डग म्हणजे जगन्नाथचा साहेब. चिपला केसाहून बारीक सोन्याची तार टाचणारी चाळीस मशीन्स त्याच्या हाताखाली होती. त्यातल्या चार नंबरचा ठोका मधूनच हलका पडतो, हे मंगळवारी जगन्नाथच्या कानांनी पकडलं. अशी तार आज धरते आणि वर्षभराने सुटते. डगने त्याचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "टेस्ट पास होतेय ना? मग पाहुणा जाईपर्यंत तोंड बंद." जगन्नाथने तोंड बंद ठेवलं. तेव्हापासून त्याला स्वतःचीच लाज वाटत होती.

देवाजवळ निरांजन लावून मृणालिनी काडेपेटी टेबलावरच विसरली होती. हिरानोची नजर काडेपेटीवर गेली. त्याने ती उचलली, कानाशी नेऊन हलवली, आणि चार दिवसांत पहिल्यांदा हसला.

"ब्राझीलमध्ये सांबा गाणारे हिच्यावर ताल धरतात," तो म्हणाला. "टोकियोत आमचं सांबा मंडळ आहे. सत्तावीस जण. पोर्तुगीज गाणी तोंडपाठ."

"ब्राझीलला गेला होतात कधी?" डगने विचारलं.

"एकही जण गेलेला नाही."

डग खो खो हसला. जगन्नाथला हसू आलं नाही. ॲरिझोनाच्या वाळवंटात दर शनिवारी टाळ कुटणाऱ्याने कोणाला हसावं?

हिरानोची बोटं काडेपेटीवर चालू लागली. आत काड्या खुळखुळत होत्या, वर ठोका पडत होता. ताल परका होता, पण टेबलाच्या कडेवर जगन्नाथचा हात आपसूक हलू लागला. भजनात वाढलेल्या माणसाचा हात त्याला विचारून थोडाच हलतो!

आठवा ठोका हलका पडला.

जगन्नाथचा हात अडखळला. पुन्हा आठ, पुन्हा हलका. हात पुन्हा अडखळला.

हिरानो थांबला. तो जगन्नाथच्या हाताकडे बघत होता.

"आज सकाळी कारखान्यात मीही हा हलका ठोका ऐकला," तो म्हणाला. "चाळीस मशीन्सच्या गोंगाटात कोणतं ते मात्र समजलं नाही. तुम्ही तिथे रोज असता."

"फ्लोअरवर आवाज तर असणारच," डग घाईने म्हणाला. त्याने टेबलाखालून जगन्नाथच्या पायावर बूट दाबला.

जगन्नाथने बायकोकडे पाहिलं.

"वरण गार होतंय," मृणालिनी म्हणाली. "काय ते सांगून टाका. पुढचं पुढे बघू."

जगन्नाथने काडेपेटी आपल्याकडे ओढली. सात ठोके वाजवले, आठवा हलका टाकला.

"चार नंबर," तो म्हणाला. "मंगळवारपासून."

डग खुर्ची मागे सारून उठला. "मिस्टर हिरानो, निघू या. उशीर होतोय."

हिरानो उठला नाही. त्याने आपली रिकामी वाटी उचलली आणि आणखी वरणासाठी दोन्ही हातांनी मृणालिनीपुढे धरली.