नमुन्याचं पाकीट

वेदनेवरची नवी गोळी द्यायला डॉक्टरीणबाईंचं मन धजत नव्हतं. बाहेर हाड मोडलेल्या आजी कळवळत होत्या. पण गोळीची सवय लागली तर?

औषध कंपनीचा माणूस हसला. "मॅडम, सवय लागत नाही अशी हमी कंपनी उगाच देईल का? अपघातानंतर मीच घेत होतो. देवासारखी धावून आली बघा. दुखणं थांबलं, गोळी सोडली."

बाईंचं मन वळलं. त्याने आणलेलं नमुन्याचं पाकीट त्यांनी आजींसाठी उघडलं. पट्टीतली सगळी घरं रिकामी होती. फाटलेला चंदेरी कागद नखाने दाबून नीट बसवला होता.

बाईंनी वर पाहिलं. त्याचं हसू तसंच होतं, कपाळ मात्र घामाने डबडबलं होतं.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "मागच्या खेपेला दिलेल्यातली एखादी उरलीय का हो?"